घरात अडचण असताना सुटलेला अभ्यास परत कसा धरायचा: आधी काय, मग काय

चिपळूणजवळच्या आमच्या गावात मी संध्याकाळची अभ्यासिका चालवते, बारावीपासून एम.ए.पर्यंतची मुलं येतात, आणि एक चूक मी दरवर्षी बघते. घरात काहीतरी होतं, वडील आजारी पडतात, आंब्याचा मोहोर अवकाळीने गळतो आणि फीचे पैसे अडकतात, पुराचं पाणी घरात शिरतं, कुणी जवळचं माणूस जातं, आणि दोन-तीन महिने पुस्तक उघडलेलंच नसतं. मग एका रविवारी मूल ठरवतं की आता बास, उद्यापासून पहाटे चार ते रात्री अकरा. रंगीत पेनांनी टाईमटेबल तयार होतं, भिंतीवर चिकटवलं जातं, आणि गुरुवारपर्यंत मोडतं. त्यानंतर ते मूल माझ्यासमोर बसून सांगतं की मॅडम माझ्यात जिद्दच नाही.

जिद्द असते हो. क्रम चुकलेला असतो. टाईमटेबल ही खालच्या क्रमात पाचवी पायरी आहे आणि बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. म्हणून पायऱ्या उड्या मारून वाचू नका, विशेषतः दुसरी. ती सोडल्यामुळे माझं स्वतःचं एक सेमिस्टर गेलंय.

तयारी: एक वही, एक फाईल, एक संध्याकाळ

शंभर पानी साधी वही घ्या आणि एक प्लास्टिकची चेनवाली फाईल. वहीच्या पहिल्या पानावर चारच गोष्टी लिहा. घरात नेमकं काय झालंय, एका वाक्यात. पुढच्या तीन महिन्यांतल्या तारखा, म्हणजे एक्झाम फॉर्म, इंटर्नल, प्रॅक्टिकल, सबमिशन, पेपर. दिवसातला कुठला वेळ खरंच तुमच्या हातात आहे, आणि इथे मनातलं लिहू नका, काल आणि परवा प्रत्यक्षात कुठला वेळ मोकळा मिळाला ते आठवून लिहा. आणि चौथं, तुमच्याकडे काय शिल्लक आहे: पुस्तकं, नोट्स, फोन, रेंज, बसायला जागा.

फाईलमध्ये मार्कशीट, आयकार्ड, फीच्या पावत्या, दवाखान्याचे कागद, दाखले. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि घराघरांत घुसलं तेव्हा कितीतरी मुलांची दहावी-बारावीची मार्कशीट चिखलात गेली. दोन्ही मार्कशीट डिजिलॉकर या सरकारी ॲपवर मिळतात, आजच उतरवून ठेवा. कागद भिजलेच असतील तर चिकटलेली पानं ओढून सोडवू नका, शाई आणि कागद दोन्ही जातात, कोऱ्या कागदांच्या मध्ये ठेवून सावलीत पंख्याखाली सुकवा आणि सुकल्यावर पहिलं काम झेरॉक्स आणि फोनवर फोटो.

तपासा: तारखांची यादी कॉलेजच्या नोटीस बोर्डावरून किंवा ऑफिसला फोन करून घेतलीय ना? मित्राने सांगितलेली तारीख ही तारीख धरायची नाही.

१. पहिले तीन दिवस फक्त झोप, जेवण आणि घर

हे ऐकून सगळे नाराज होतात, पण जो माणूस दहा दिवस हॉस्पिटलच्या बाकड्यावर झोपलाय त्याच्या डोक्यात थर्मोडायनॅमिक्स शिरणार नाही. तीन दिवस पुस्तक उघडायचं नाही. रात्री झोपायची आणि सकाळी उठायची एक वेळ धरा, दोन वेळचं जेवा, पेज-भात का असेना पण वेळेवर, आणि घरातली कुठली कामं आता तुमच्यावर आलीत ते आईशी किंवा मोठ्या भावंडाशी बसून बोला. औषधं आणायला कोण जाणार, गुरांचं कोण बघणार, लावणीला किती दिवस लागणार. हे बोलणं झालं नाही तर पुढे अभ्यासाला बसलात की दर पंधरा मिनिटांनी हाक येईल, आणि हाक मारणाऱ्याचीही त्यात चूक नसेल.

सावध: झोप पूर्ण गेलीय, जेवण जात नाही, रोज रडू येतंय आणि असं दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललंय, किंवा जगून काय करायचं असे विचार येतायत, तर हा लेख बाजूला ठेवा आणि १४४१६ लावा. टेली मानस ही सरकारी हेल्पलाईन आहे, चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची ओपीडी असते. ताप आल्यावर डॉक्टरकडे जातो तसंच जायचं, गावात कळेल म्हणून थांबू नका.

२. कॉलेजला लेखी कळवा, परीक्षेच्या आधी

मी एस.वाय.ला असताना बाबांना पक्षाघात झाला. रत्नागिरीच्या हॉस्पिटलात मी आणि आई आळीपाळीने थांबायचो, चाळीस दिवस मी कॉलेजात कुणालाही काही सांगितलं नाही, वाटायचं की घरचं दुःख बाहेर कशाला काढायचं, आणि त्या चाळीस दिवसांत एक्झाम फॉर्मची तारीख गेली, लेट फीची पण गेली. सहा महिने थांबावं लागलं. नंतर आमच्या सरांनी एवढंच विचारलं की एक फोन का नाही केलास. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर आधी वर्गशिक्षक किंवा मेंटॉरला फोन करा, दोन मिनिटांत काय झालंय ते सांगा, रडू आलं तरी चालतं. पण फोनवर थांबू नका. प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहा, लांबलचक नको, असा:

मी अमुक वर्गाचा विद्यार्थी, रोल नंबर अमुक. दिनांक अमुकपासून वडील रुग्णालयात दाखल असल्याने मला वर्गात हजर राहता आलेलं नाही. सोबत रुग्णालयाची कागदपत्रं जोडली आहेत. माझ्या हजेरीबाबत सहानुभूतीने विचार व्हावा आणि राहिलेली अंतर्गत परीक्षा नंतर देण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.

काय झालं, कधीपासून, पुरावा काय आणि तुम्हाला नेमकं काय हवंय. शेवटची गोष्ट लिहायलाच मुलं विसरतात. पानभर दुःख लिहितात आणि मागणी करतच नाहीत, मग वाचणाऱ्यानेही काय करायचं? ७५ टक्के हजेरीची अट असते, आजारपणासारख्या कारणासाठी त्यात सवलत मिळू शकते, पण कागद आधी गेलेला असेल तर. डिफॉल्टरची, म्हणजे हजेरी कमी भरलेल्यांची यादी लागल्यावर तेच कागद घेऊन धावणारी मुलं मी बघितलीत, त्यांना फार त्रास होतो.

सावध: अर्जाच्या दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर आवक नंबर, शिक्का आणि तारीख घ्या. पोच नसलेला अर्ज दिला काय नि न दिला काय सारखाच. टेबलावर ठेवून या म्हणाले तरी तिथे थांबा आणि पोच मागा.

पैशाची अडचण असेल तर हे पण याच आठवड्यात करा. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी घरच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ८ लाख आहे आणि ती दरवर्षी रिन्यू करावी लागते. राखीव प्रवर्गांसाठीच्या योजना वेगळ्या आहेत, त्यांच्या अटी त्याच पोर्टलवर बघा. कमावतं माणूस गेलं किंवा बेडवर आहे आणि उत्पन्न बदललंय, तर तलाठ्याकडून सुरुवात करून तहसीलचा नवीन दाखला काढा, जुना लावून मोकळे होऊ नका. आणि फी हप्त्यांत भरता येईल का हे ऑफिसात विचारा, विचारल्याशिवाय सहसा कुणी सांगत नाही.

तपासा: पोच घेतलेली प्रत फाईलमध्ये आहे? एक्झाम फॉर्मची शेवटची तारीख वहीत लाल पेनाने आहे? दोन्ही हो असेल तरच पुढे.

३. अभ्यासक्रम चाळणीतून काढा

सगळा पोर्शन करीन हा हट्ट आता सोडायचा. चार महिन्यांचा अभ्यास सहा आठवड्यांत होत नाही, आणि तो होणार नाही हे डोक्याला माहीत असतं म्हणूनच ते पुस्तकापासून पळतं. आपण त्याला आळस म्हणतो.

प्रत्येक विषयाच्या मागच्या चार-पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका लायब्ररीतून झेरॉक्स करून घ्या आणि सिलॅबस शेजारी ठेवा. पेपर बहुधा युनिटवर आधारलेला असतो, म्हणजे कुठल्या युनिटवर किती मार्क ते दिसतं. आता प्रत्येक टॉपिकसमोर खूण करा: जवळजवळ दरवर्षी येतो आणि मला थोडातरी कळतो, दरवर्षी येतो पण अजिबात कळत नाही, कधीमधी येतो. अभ्यास पहिल्या गटापासून सुरू करायचा. दुसऱ्या गटातले फार तर दोन टॉपिक निवडा आणि ते कुणाकडून तरी समजून घ्या, एकट्याने त्यांच्याशी झुंजत बसू नका. तिसरा गट वहीच्या शेवटच्या पानावर लिहून टाका आणि विसरा.

इथे हुशार मुलं अडकतात. ज्याला आधी ऐंशी टक्के पडायचे त्याला पन्नाशीचं प्लॅनिंग करणं कमीपणाचं वाटतं. एक मुलगी होती, आई गेली त्या वर्षी, सहाही विषय पूर्णच करायचे म्हणून बसली आणि डिसेंबरमध्ये एकही विषय धड झालेला नव्हता. या वर्षी पास होणं, केटी न लागणं म्हणजे विषय मागे न राहणं, एवढं झालं तर ते मोठं काम आहे, मी अगदी मनापासून सांगतेय.

तपासा: पहिल्या गटातले टॉपिक मोजा. पेपर येईपर्यंतच्या दिवसांच्या निम्म्याहून जास्त भरले तर चाळणी अजून मोठी झालीय, परत काढा.

४. वाईट दिवसाचं माप ठरवा

सगळ्या लेखातली ही पायरी मला सर्वात महत्त्वाची वाटते. चांगल्या दिवशी किती करणार हे सगळे ठरवतात. तुम्ही उलटं ठरवायचं: ज्या दिवशी बाबांना परत ॲडमिट केलं, लाईट नाही, डोकं दुखतंय, त्या दिवशीही मी काय करू शकेन? माझ्याकडच्या मुलांना मी वीस मिनिटं सांगते. कुणाला तेही जड जातं, मग दहा. एक प्रश्न वाचायचा आणि त्याचे मुद्दे लिहायचे, एवढंच. ते झालं की त्या दिवसाचा अभ्यास झाला, अपराधी वाटून घ्यायचं नाही. अंगात ताकद असेल तर पुढे बसा, पण ते वरचं.

मूड आला की बसेन म्हणणारा माणूस वाट बघत राहतो. कठीण काळात उमेद आधी येत नाही, हात चालायला लागला की सात-आठ मिनिटांनी येते, कधी येतही नाही, पण पान लिहून झालेलं असतं.

आता हे माप एखाद्या ठरलेल्या गोष्टीला बांधा. अभ्यास करीन हे पुरेसं नाही, असं लिहा: संध्याकाळचा चहा झाला की पडवीतल्या बाकावर बसून अकाउंट्सचं एक गणित. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली हेच मांडलं होतं की कधी, कुठे आणि काय हे आधी ठरवलेलं काम नुसत्या निश्चयापेक्षा जास्त वेळा पार पडतं. कपबशी ठेवली की वही उघडायची, मध्ये विचार करायला जागाच ठेवायची नाही. आणि आदल्या रात्री वही त्या पानावर उघडून पेन आत ठेवून द्या. किरकोळ वाटतं, पण सुरुवातीचे दोन मिनिटं शोधाशोधीत गेले की फोन हातात येतो.

सावध: पहिल्या आठवड्यात बरं वाटलं म्हणून माप वाढवू नका. वीसचे साठ करणारे दुसऱ्या आठवड्यात शून्यावर येतात. चौदा दिवस तेच ठेवा.

५. आता टाईमटेबल, पण आपल्या इथल्या पावसाचं आणि कामांचं

पुण्या-मुंबईतली टाईमटेबलं आपल्याला चालत नाहीत. जूनमध्ये तरवा म्हणजे भाताची रोपं, जुलैत लावणी, ऑक्टोबरात भातकापणी, मार्चपासून मेपर्यंत आंबा-काजू, गणपतीत चाकरमानी आले की घर भरलेलं, शिमग्यात पालखी. या दिवसांत चार तास मिळणार नाहीत हे आधीच धरून चाला, कॅलेंडरवर ते दिवस आडवे मारा आणि तिथे फक्त वाईट दिवसाचं माप लिहा. मच्छीमार घरांत उलट असतं, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, घरची माणसं किनाऱ्यावर असतात, तो वेळ तुम्हाला मोकळा होऊ शकतो, पण त्याच वेळी पैशाची चणचण असते आणि जाळी विणायचं कामही, म्हणून घरात विचारून सकाळचे दोन तास पक्के करून घ्या.

लाईटवर भरवसा ठेवून काही ठरवू नका. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तेवढं नाही तरी पावसाळ्यात मळभ दाटलं की लाईट जाणारच. वाचायचं, लिहायचं काम उजेडात, सकाळी. रात्री डोक्यात घोळवायचं, पाठ म्हणायचं. चार्जिंगची बॅटरी किंवा कंदील अभ्यासाच्या जागीच ठेवा. ऑनलाईन लेक्चर आणि पीडीएफ, रेंज असेल तिथे म्हणजे सड्यावर, वरच्या माळावर किंवा एसटी स्टँडवर जाऊन आठवड्यातून एकदाच डाऊनलोड करा. रोज रेंज शोधत फिरणं हा अभ्यास नाही, त्यात दीड तास जातो आणि आपण खूप केलं असं वाटतं.

घरात जागा नसेल तर शाळेचा व्हरांडा, देवळाचा सभामंडप, ग्रामपंचायतीचं वाचनालय. मी एक महिना हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये कोपऱ्यातल्या टेबलावर बसून वाचलंय, तिथला माणूस चहा न घेताही बसू द्यायचा.

तपासा: टाईमटेबलमध्ये आठवड्याला एक पूर्ण रिकामी दुपार आहे का? नसेल तर ते मोडणार, कारण राहिलेलं ओतायला जागाच नाही.

६. बसल्यावर काय करायचं

वेळ थोडा असेल तर नुसतं वाचू नका. पुस्तक बंद करून आठवेल ते लिहा, मग उघडून काय राहिलं ते दुसऱ्या शाईने भरा. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली कॉलेजच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्यानंतर आठवून लिहिणारे पुढे निघाले. तुमचा पेपर आठवड्यांनंतरच असतो. तोच टॉपिक दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने पाच-पाच मिनिटं लिहून बघा. बाकी हायलायटर, सुंदर नोट्स, हे या वर्षी नको.

७. एक माणूस धरा, दहा नको

रोज संध्याकाळी एका माणसाला एक ओळ पाठवायची: आज काय केलं. ताई असेल, मैत्रीण असेल, जुने सर असतील. त्यांनी उत्तरात फक्त बरं एवढंच लिहिलं तरी पुरतं. सल्ला देणारा माणूस नको, विचारणारा हवा. वर्गाचा ग्रुप रात्री म्यूट करा, कारण कुणाचं किती झालं हे वाचून अजूनच खचायला होतं. आणि मुंबईहून फोन करून शेजारच्या बंड्याला किती पडले ते सांगणारे काका असतील तर आईलाच सांगा की परीक्षा होईपर्यंत फोन माझ्याकडे देऊ नको. मोठ्यांशी उद्धट वागायची गरज नाही, पण प्रत्येक वेळी ऐकून घ्यायचीही नाही.

८. खंड पडला तर

पडणारच. हे लिहिताना मला त्या मुलांचे चेहरे आठवतायत जी पाच दिवस आली नाहीत आणि मग लाजेने कायमची यायची थांबली. खंड पडल्यावर सगळ्यात मोठी चूक म्हणजे बुडालेले दिवस भरून काढायला बसणं. पाच दिवस गेले म्हणून आज पाच दिवसांचा अभ्यास, हा हिशोब करू नका. गेले ते गेले. वहीत त्या तारखांसमोर कारण लिहा, एका शब्दात: ताप, श्राद्ध, लावणी, नुसतंच मन नव्हतं. मग सगळ्यात सोपा, आधी झालेला टॉपिक उघडा आणि वीस मिनिटं तोच परत लिहा. नवीन काही नको. दुसऱ्या दिवशी जिथे सुटलं होतं तिथून पुढे.

रविवारी वही उघडून सात दिवस बघा. चार किंवा जास्त दिवस माप झालं असेल तर काही बदलू नका. तीन किंवा कमी झाले असतील तर माप निम्मं करा किंवा वेळ बदला, स्वतःला शिव्या घालू नका. दोन रविवार लागोपाठ एकच दिवस भरला असेल तर तिसऱ्या रविवारची वाट न बघता पहिल्या पायरीवर परत या, झोप आणि तब्येत तपासा.

९. थांबायचंच असेल तर रीतसर थांबा

कधी कधी सगळं नीट करूनही झेपत नाही. घरात कमावणारं कुणी नाही आणि तुम्हालाच होडीवर किंवा दुकानात उभं राहायचंय, तेव्हा वर्षभर थांबणं हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. फक्त न सांगता गायब होऊ नका. नव्या शैक्षणिक धोरणाच्या पद्धतीत पहिलं वर्ष पूर्ण करून बाहेर पडलात तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, अशी सोय आहे, आणि कमावलेले क्रेडिट, म्हणजे पास झालेल्या विषयांचे गुणांक, अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाईन खात्यात जास्तीत जास्त ७ वर्षं राहतात. पण त्याच्या अटी असतात, म्हणून ऑफिसात जाऊन तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं तिथेच लिहून घ्या: माझे क्रेडिट खात्यात जमा झालेत का, परत यायला कुठला अर्ज आणि कुठल्या महिन्यात, आणि सिलॅबस बदलला तर काय. नोकरी करत शिकायचं असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण दोन्हीकडे चौकशी करा, पण जुन्या कॉलेजातून नाव काढायच्या आधी. कॉलेज सोडल्याचा दाखला हातात घेतला आणि तिकडची ॲडमिशन संपलेली, असं झालं तर वर्ष फुकट जातं.

आमच्याकडचा एक मुलगा वडील गेल्यावर दीड वर्ष होडीवर गेला. जायच्या आधी त्याने वरचे तीन प्रश्न विचारून कागद फाईलमध्ये ठेवला होता आणि फाईल ट्रंकेत, आणि कागदावर परत यायचा महिना लिहिला होता: जून. त्या जूनमध्ये मासेमारीची बंदी लागली, होडी किनाऱ्यावर ओढली आणि दुसऱ्या दिवशी तो ती फाईल घेऊन कॉलेजच्या खिडकीवर उभा होता. तुमच्या कागदावरही महिना लिहा, आणि तो घरातल्या अजून एका माणसाला सांगून ठेवा.